अतिकाच्या मुठीचे माप

हे लिहायला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायचे गणपतीच्या सुमारास सांगितले, तेव्हाच लिहायला हवे होते. साखर वाढली म्हणून ऑपरेशन पुढे गेले आणि मीही टाळत गेलो. डोळ्याच्या ऑपरेशनात कोणी मरत नाही असे सगळे सांगतात. पण सांगणाऱ्यांचे डोळे चांगले आहेत.

मी, शेख अनीस शेख दगू, वय चौऱ्याहत्तर, धंदा चाकू-सुऱ्या बनवणे व धार लावणे, राहणार मिरची मार्केटमागची गल्ली, नंदुरबार, पुऱ्या शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाशिवाय, माझ्या माघारी काय कोणाचे ते या कागदावर लिहून ठेवतो. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत गेलो. घरातली आमची बोली वेगळी, पण कचेरीत मराठी कागद चालतो म्हणून मराठीत लिहितो.

कलम १. घर. माझी बायको हलीमा सहा वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. मुलगा नाही. वारस दोन : शहाद्याला दिलेली माझी मुलगी शगुफ्ता आणि याच गल्लीत राहणारा माझा धाकटा भाऊ कामरान. मौलानांना विचारून घेतले आहे. एक तृतीयांश मी माझ्या मर्जीने देऊ शकतो, उरलेल्यात अर्धे मुलीचे, अर्धे भावाचे. माझ्या मर्जीचा तृतीयांश मी नात अतिका हिला देतो. ती शगुफ्ताची मुलगी. तिघांनी मधे भिंत घालू नये. नळ एकच आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी माझ्या कफन-दफनाचा खर्च करावा, मग वरच्याप्रमाणे वाटावे. पासबुक तांदळाच्या डब्यात आहे. आधी साखरेच्या डब्यात होते, मुंग्या लागल्या.

कलम ३. धार लावायची, पायाने फिरवायची चकरी मार्केटात मिरचीची देठे खुडणाऱ्या बेबीबाईला द्यावी. मला कावीळ झाली तेव्हा दोन महिने तिने ती चालवली. मी बरा होऊन बसलो तर गिऱ्हाइके विचारू लागली, बाई कुठे गेली? मला राग आला होता. आता नाही. चकरीही माझ्या मर्जीच्या तृतीयांशातच धरावी, त्यातले बाकी अतिकाचे. शेजारचे व्यापारी भीकमचंद यांचा अडकित्ता धार लावून फळीवर ठेवला आहे. तो त्यांचाच आहे, घेऊन जावा आणि आता तरी दुसऱ्याच्या सुपाऱ्या कापणे बंद करावे.

कलम ४. कपाटाच्या वरच्या खणात खाकी कापडात गुंडाळलेला मिटता चाकू अतिकाला द्यावा.

याबद्दल नीट लिहितो, कारण यातले मला कळते. बाकी पुष्कळ गोष्टींची मला खात्री नसते. गॅस बंद केला की नाही हे मी तीनदा उठून बघतो. चाकूचे तसे नाही. बावन्न वर्षे चाकू केले आहेत, आणि कोणता चाकू कोणाच्या खिशात शोभेल हे मला गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच समजते.

रोज जवळ ठेवायचा चाकू चार बोटांच्या पात्याचा असावा. त्याहून लांब पाते कामाला जड पडते आणि पोलिसाच्या नजरेत भरते. बटण दाबून उडणारा नकोच. अंगठ्याने सावकाश उघडावा. हा चाकू ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून केला आहे. मूठ बाभळीची, तिला उभ्या-आडव्या चऱ्या पाडल्या आहेत, म्हणजे घामाने भिजलेल्या हातातून सुटत नाही. पात्याला करवतीसारखे दाते नाहीत, ते अंगातल्या कपड्यात अडकतात. मूठ काळी रंगवलेली नाही, गवतात पडला तर सापडला पाहिजे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खटका. उघडलेले पाते परत मिटू नये म्हणून आतली पट्टी एका खाचेत बसते, ती जागा. खटका कच्चा असेल तर चाकू समोरच्याला नाही, धरणाऱ्याला कापतो.

अतिकाने या चाकूने पट्टी कापावी, दोरी कापावी, पेरू कापावा. बाळंतपणात नाळ कापू नये, त्याला नर्सला सरकारी पाते मिळते. कोणी अंगावर आला तर आधी पळावे, मग ओरडावे, मग हातातली बॅग तोंडावर फेकावी. चाकू सगळ्यात शेवटी. दाखवण्यासाठी तर कधीच काढू नये. ज्याला दाखवतो तो हिसकावतो.

हे सगळे मी तिला ईदच्या दिवशीच सांगायला हवे होते, पण तेव्हा तोंडातून दुसरेच आले. अतिका धडगावच्या पलीकडे डोंगरातल्या उपकेंद्रात नर्स आहे, पाड्यापाड्यावर एकटी फिरते. थंडीत एक माणूस दोन दिवस तिच्या मागे चालत आला. म्हणून तिने फोनवरून एक चाकू मागवला आणि ईदला मला दाखवायला आणला. काळा, दात्यांचा, मुठीवर कवटी.

"नाना, कसा आहे?"

मी तो उघडून पात्याची पाठ ऐरणीवर दाबली. खटका सुटला आणि पाते मिटले. माझे बोट थोडक्यात वाचले. मला एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढच्या कलमात आहे. पण ते सांगायचे सोडून मी ओरडलो, "नोकरी सोड. घरी बस. मुलींनी चाकू कशाला ठेवायचा?"

ती म्हणाली, "अख्ख्या जिल्ह्याला तुम्ही चाकू करून देता. मलाच नाही?"

शिरखुर्मा तसाच ठेवून ती गेली. त्यानंतर आली नाही, माझा फोन उचलत नाही. मी शगुफ्ताकडून निरोप धाडला की तो चाकू फेकून दे. तिकडून उत्तर आले, "नानांना म्हणावं, तुमचा द्या, मग हा फेकते." धडगावची जीप चालवणारा जालमसिंग दर मंगळवारी विळे घेऊन माझ्याकडे येतो. गेल्या मंगळवारी तो म्हणाला, "बाबा, तुन्ही नात जीपमा पेरू कापी ऱ्हायनी व्हती. काया चाकू शे तिन्हाजोडे." म्हणजे तिच्याजवळ अजून तोच काळा चाकू. आज ती पेरू कापते आहे. ज्या दिवशी खरेच काढायची वेळ येईल त्या दिवशी तो तिची बोटे कापेल.

मग मी नवा का दिला नाही? दोन महिन्यांपूर्वी तयार झाला. शंभर वेळा उघडला, मिटला. पाठीवर हातोडीचे ठोके दिले. खटक्यावर वजने टांगली. शंभरावा ठोका मोजला की नाही याची शंका आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून दिले. चाकू पक्का आहे. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. म्हणून लिहिले की माझ्या माघारी द्यावा.

कलम ५. कपाटाच्या त्याच खणात, मागे, पितळी मुठीचा एक जुना चाकू आहे. तो कामरानला द्यावा. त्याने मोडावा, विहिरीत टाकावा, काहीही करावे. तो त्याचाच आहे.

त्र्याऐंशी साली कामरान मार्केटात मिरचीची पोती शिवायचा. जाता-येता रेल्वे फाटकापाशी दोघे जण त्याला अडवून मारत. मी त्याला हा चाकू करून दिला. त्या काळी आमच्याकडे गिऱ्हाईक चाकू कानाने निवडायचे. उघडायचे, मिटायचे, कानाशी धरायचे. खटका जितका गोड वाजेल तितका चाकू चांगला. खाच उथळ ठेवली की आवाज बारीक आणि गोड येतो. माझ्या चाकूंचा आवाज तळोद्यापर्यंत माहीत होता. भावासाठी तर मी सगळ्यात गोड केला.

आठ दिवसांनी संध्याकाळी कामरान हाताला गोणपाट गुंडाळून आला. फाटकापाशी त्या दोघांना त्याने चाकू दाखवला. एकाने त्यावर काठी मारली, पाते मिटले ते कामरानच्याच बोटांवर. दोन बोटांच्या शिरा गेल्या. हात मिरचीचे होते, त्यामुळे जखमेत आग आग होत होती. तो एवढेच म्हणाला, "भाई, तुझा चाकू..."

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "मिरचीच्या हातांनी पितळ धरलंस. घसरणारच. तुला धरता आला नाही."

नंतर दुकानाचे दार लावून मी चाकू खोलला. खाच अर्धा सूत कमी खोल होती. मूठ घसरली नव्हती. खटका सुटला होता, आणि खटका माझा होता. हे मी बेचाळीस वर्षांत कोणाला सांगितले नाही, हलीमालाही नाही. कामरानने माझे ऐकले आणि खरे मानले. पुढे पोती शिवायचे काम गेले, तो चहाची टपरी चालवू लागला, आणि गल्लीत कोणी बोटांबद्दल विचारले की हसून सांगतो, "मला चाकू धरता आला नाही." प्रत्येक वेळी मी शेजारी बसून चहा प्यालो आहे.

इथपर्यंत काल लिहिले आणि साक्षीला भीकमचंदना बोलावले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. फक्त वाचू नका, सही करा, असे मी दोनदा म्हणालो.

"अनीसभाई, हे कामरानने तू मेल्यावर वाचायचं?"

"मृत्युपत्र आहे ना."

"मग तो भांडणार कोणाशी? तुझ्या चकरीशी?"

"चकरी बेबीबाईची झाली."

"तेच म्हणतो. त्याच्या वाट्याला भांडायलासुद्धा काही ठेवलं नाहीस तू. आज वाचून दाखव, मग सही करतो. नाहीतर माझा अडकित्ता दे, मी चाललो."

म्हणून काल दुपारी कामरानला बोलावून कलम पाच वाचून दाखवले. वाचताना मी मान वर केली नाही. पितळी चाकू मिटून ओट्यावर ठेवला, आम्ही चाकू हातात देत नाही, वैर येते म्हणतात. त्याने तो उचलला, कानाशी नेऊन एकदा उघडला, एकदा मिटला.

"आवाज मात्र गोड होता, भाई," तो म्हणाला. चाकू खिशात घातला आणि चहा न घेता गेला.

मला वाटले, संपले.

आज सकाळी मी दुकान उघडायच्या आत तो ओट्यावर येऊन बसला होता. "पोरीचा चाकू कुठे आहे?" मी खाकी कापड आणून त्याच्यासमोर ठेवले. उजव्या हाताच्या तीनच बोटांत त्याने चाकू धरला, उघडला, आणि पात्याची पाठ ओट्याच्या दगडावर आपटली. एकदा नाही, दहा-बारा वेळा. मी डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघड. काही झालं नाही."

"आवाज कसा आहे?"

"भिकार. ठक करून वाजतो, जुन्या दाराच्या कडीसारखा." मग चाकू मिटून खाली ठेवत म्हणाला, "माझ्या या हातात राहतो, तर तिच्या हातात राहील. पण मूठ जाड झालीये. तुझ्या हाताच्या मापाने केलीस. पोरीचा हात एवढा कुठे? तिचं माप घे आणि घासून दे. आणि मरायची वाट कसली बघतोस? ती तो काळा घेऊन फिरतेय तिकडे."

त्याचे म्हणणे बरोबर आहे. मूठ जाड आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

कलम ६. म्हणून कलम ४ मधला चाकू या मृत्युपत्रातून मी काढून घेतो. तो माझ्या माघारी मिळण्याची वस्तू नाही. कलम ५ मधला चाकू ज्याचा त्याला पोचला. बाकी सर्व कलमे लिहिल्याप्रमाणे कायम. याआधी मी असा कागद केलेला नाही. हा मी स्वतः तीनदा वाचून पाहिला आहे, खाली सह्या करणाऱ्यांनीही वाचला आहे, आणि दोघांपैकी कोणालाही यात काही मिळत नाही.

ठिकाण : नंदुरबार
तारीख : मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

सही : शेख अनीस शेख दगू

साक्षीदार
१) भीकमचंद केसरीमल छाजेड, मिरचीचे व्यापारी, नंदुरबार (अडकित्ता मिळाला.)
२) जालमसिंग उदेसिंग पावरा, जीपचालक, धडगाव

याची एक नक्कल जालमसिंगबरोबर आजच अतिकाला पाठवतो. अतिका बेटा, ईदला जे बोललो ते चाकूबद्दल नव्हते आणि तुझ्याबद्दलही नव्हते. कोणाबद्दल होते ते आता तू वाचले आहेस. पुढच्या बुधवारी माझा डोळा कापणार आहेत, त्यानंतर महिनाभर चकरीसमोर बसायचे नाही म्हणतात. त्याआधी मूठ घासायची आहे. तर असे कर. पोळीच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घे, चाकू धरशील तसा उजव्या मुठीत घट्ट दाब, बोटे उमटू देत, आणि उन्हात कडक वाळव. जालमसिंग गुरुवारी सकाळी खाली येतो, त्याच्याकडे दे. डब्यात ठेवून दे, नाहीतर घाटात मोडेल. यायला जमत नसेल तर येऊ नकोस. रागात असशील तर रागातच दाब, माप तेच येते. पण गोळा पाठव, आणि गुरुवारी मिळेल की नाही ते लगेच कळव.