राजेसाहेब आणि कलम सात

येना (जर्मनी), १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप पद्माकरमामा यांस,

ऊर्मिलाचा साष्टांग नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर आणि मामींचा उजवा गुडघा दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही तिघं ठीक. शिरीषचं ऑफिस चालू आहे, ईप्सिताला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. पोस्टानं पत्र पोचायला फार दिवस लागतील म्हणून पानांचे फोटो मामींच्या व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्यापलीकडे जाऊ देत नाही. महिनाभर माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे पत्रसुद्धा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानं लिहिते आहे, दर चार ओळींनी खिडकीपर्यंत जाऊन येते.

झालं असं, की सप्टेंबरअखेर आमच्या कंपनीत एक राजा आला. खराखुरा, राज्य करणारा. (देशाचं नाव लिहीत नाही, तशी माझी सही घेतली आहे. डोंगराळ, लहान देश आहे एवढं समजा.) त्यांच्या डोंगरातल्या चाळीस गावांत डोळ्यांचे दवाखाने निघायचे होते, त्यासाठी शस्त्रक्रियेचे मायक्रोस्कोप आमची कंपनी देणार आणि तिथल्या डॉक्टरांना पाच वर्षं शिकवणार, असा करार होता. त्यावर सही करायला बर्लिनहून नव्या मंत्रीणबाई येणार होत्या. या एका करारावर आमच्या विभागातल्या सहा जणांच्या नोकऱ्या टांगलेल्या होत्या, कारण आमची सगळ्यांची नेमणूक डिसेंबरपर्यंतचीच. माझा इथला राहण्याचा परवानाही त्याच नोकरीला बांधलेला. आणि राजेसाहेब सकाळी उतरल्या उतरल्या म्हणाले, सहीचं बघू.

या 'बघू'नं काय हाहाकार उडाला म्हणून सांगू. कुणीतरी म्हणालं, त्यांचं कलम सातवर अडलं आहे. दहा वाजता कलम सातचे चार नवे मसुदे तयार होते आणि ते घेऊन वकील जिन्यांवरून वरखाली पळत होते. मला राजेसाहेबांसोबत राहायला सांगितलं होतं. कारण काय, तर मी आशियाई. माझ्या गावापासून त्यांची राजधानी किती लांब आहे हे आमच्या साहेबीण फ्राउ रॉयटर यांना नकाशात दाखवूनही उपयोग झाला नाही.

भाषेचा मात्र प्रश्न नव्हता. राजेसाहेब चाळीस वर्षांपूर्वी कायझर्सलाउटर्नला इंजिनिअरिंग शिकले, त्यामुळे त्यांचं जर्मन तिकडच्या खेडवळ वळणाचं, आपल्याकडे एखादा परदेशी माणूस अस्सल कोल्हापुरी बोलला तर वाटेल तसं. जेवणानंतर तीन वाजेपर्यंत त्यांची विश्रांती होती. सगळे पांगल्यावर ते मला म्हणाले, "लिंडहोल्त्सची बाग ट्रामनं किती लांब?"

लिंडहोल्त्स म्हणजे आधीचे मंत्री. अकरा वर्षं मंत्री होते, वसंतात निवडणूक हरले आणि इथे येनात बागकाम करत बसले, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, चौदा मिनिटं. मला वाटलं, नुसतंच विचारतात. तर राजेसाहेब उठले आणि कॅन्टीनच्या मागच्या जिन्यानं चालू लागले, अंगरक्षक चार पावलं मागे. मी फ्राउ रॉयटरना फोन लावला, तो बंद. ट्राममध्ये राजाला एकटं सोडण्यापेक्षा सोबत जाणं बरं, असा विचार करून मीही चढले. (त्यांनी तिकिटावर ट्राममधल्या यंत्रात स्वतः शिक्का मारून घेतला आणि ते विसरलो नाही म्हणून खूश झाले.)

ट्राममध्ये कळलं ते असं. हे दोघं एका होस्टेलात, एकाच स्वयंपाकघरात राहिलेले. तेव्हा एक राजा होईल आणि दुसरा मंत्री, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे दर रविवारी फोन. एका पावसाळ्यात त्यांच्याकडचा मोठा पूल वाहून गेला, तर वकिलातीचं पत्र टाइप होण्याआधी जर्मन इंजिनिअर तिकडे उतरले होते. (तुम्ही तीस वर्षं वर्गात शिकवलंत की राष्ट्रांचे संबंध व्यक्तींवर चालत नाहीत. मामा, हा पूल व्यक्तींवर उभा आहे.) पण मग एकदा बुद्धिबळातल्या एका चालीवरून दोघांचं बिनसलं, सात महिने फोन नाही, आणि तेवढे सात महिने त्यांच्या देशातल्या मुलांच्या जर्मन शिष्यवृत्त्याही अडकून राहिल्या. हे सांगताना राजेसाहेब खिडकीबाहेर बघत होते. "त्या वर्षी शंभर मुलं घरी बसली," ते म्हणाले. "मी त्यांच्यासमोर कधी उभा राहिलो नाही."

बागेच्या फाटकाशी ते मोठ्यानं मित्राला हाक मारू लागले, तेव्हा शेजारच्या बागेतल्या, कात्री घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी येऊन सुनावलं, की एक ते तीन इथे शांतता पाळतात. राजेसाहेबांनी माफी मागितली. आवाज ऐकून लिंडहोल्त्स झारी घेऊन आले, "पाच महिने," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. राजेसाहेब एक पालथी बादली ओढून तिच्यावर बसले. दोन वीस झाले होते. माझ्या फोनवर सतरा मिस्ड कॉल होते आणि माझे पाय आपोआप कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते.

बऱ्याच वेळानं लिंडहोल्त्स दोन कप कॉफी घेऊन आले.

"तू हरल्यावर फोन करणार होतो," राजेसाहेब म्हणाले. "सगळे म्हणाले, आधी नव्या बाईंना करा, नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

"आणि तू ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलंस."

"मी त्या बाईंना ओळखत नाही. उद्या पूल पडला तर फोन कुणाला करू?"

"तिलाच. गेनाऊ, अगदी बरोबर, तिलाच." लिंडहोल्त्स बाकावर बसले. "ती माझ्या जागी आली तेव्हा कपाटात तुझ्या देशाची फाइल होती. आत दोन पानं. आपण काही लिहूनच ठेवलं नाही रे. मला लाज वाटली."

राजेसाहेब म्हणाले, पण ते कलम सात त्यांना टोचतं आहे. लिंडहोल्त्सनी विचारलं, आहे काय त्यात. मूळ कलम आणि चारही मसुदे मला पाठ होते, म्हणून येरझाऱ्या न थांबवता मीच सांगितलं, की सही करणारी माणसं पदावर राहिली नाहीत तरी दवाखाने आणि शिकवणं चालू राहील.

"हे आपल्याला पुसायला लिहिलं आहे," राजेसाहेब म्हणाले.

"आपण मेल्यावरही तिथल्या म्हातारीचा मोतीबिंदू निघावा, म्हणून लिहिलं आहे," लिंडहोल्त्स म्हणाले. "मी मंत्री असताना हे मला सुचायला हवं होतं."

राजेसाहेबांनी कॉफी संपवली, कप झाडाशी नीट ठेवला, आणि म्हणाले, चल, तुझ्या त्या बाईंशी ओळख करून दे. लिंडहोल्त्स चिखलाच्या बुटांनिशी ट्राममध्ये चढले. आम्ही कंपनीत पोचलो तेव्हा दारात पोलिसांच्या सहा गाड्या होत्या. मंत्रीणबाईंनी मात्र काही न विचारता दोघांना खुर्च्या दिल्या, आणि कलम सात आहे तसं ठेवून चार वीसला सह्या झाल्या. लिंडहोल्त्स मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होते, पण त्यांना परागकणांची ॲलर्जीही आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद, राजा परवानगीशिवाय ट्रामनं नेल्याबद्दल. दुपारी कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लागले आहेत. बाकीच्या पाच जणांच्या नोकऱ्याही टिकल्या. पहिल्या तुकडीतले डॉक्टर परवा येनात उतरले, त्यांना मी मटारउसळ खाऊ घातली.

मामींना नमस्कार. गुडघ्याचा शेक चालू ठेवायला सांगा.

तुमची भाची,
ऊर्मिला

ता. क. १ : एक विनंती होती. ट्राममधून उतरताना मी राजेसाहेबांना म्हटलं, पुण्याला आलात तर मामांकडे या ना. आपण म्हणतो तसं म्हटलं. त्यांच्याकडे तसं नुसतं म्हणायची पद्धत नाही, हे मला महिनाभरापूर्वी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन आल्यावर कळलं. ते बारा डिसेंबरला खासगी भेटीवर येताहेत, दोन रात्री. हॉटेल नको म्हणतात. तेव्हा वरच्या खोलीतले तुमचे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे कृपया हलवावेत. अंगरक्षक गॅलरीत झोपेल, त्याची काही अट नाही.

ता. क. २ : गेले तीन रविवार सकाळी नऊला ज्या माणसाचा फोन तुम्ही फसवणूक समजून आपटलात, ते स्वतः राजेसाहेब होते. मामी म्हणाल्या, दर वेळी तुम्ही त्यांना इंग्रजीत ऐकवलंत, की मग मी चीनचा बादशहा. ते रागावलेले नाहीत. फक्त त्यांच्या दरबाराकडून मला लेखी विचारणा आली आहे, की आपल्या मामांना नेमकं काय म्हणून संबोधावं आणि दोघांपैकी आधी कुणी वाकायचं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.