घाटातला गुलाल आणि माझा माज

रविवार, संध्याकाळ. मोशी.

डोकं फिरलंय. निघोज्याच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात आज प्राजक्ताच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, बैलजोडी पहिली आली. तात्या फेटा उडवत नाचले. मी धीर करून पाया पडलो, तर म्हणाले, "तूच ना कॉलेज सोडून गाड्या पळवणारा? आमच्या पोरीपासून लांब ऱ्हा. वेगाचं याड घर बुडवतं."

वेगाचं याड! आणि हे बोलतंय कोण, तर गुलालानं माखलेला माणूस!

मी बाईक रेसिंग ट्रॅकवर चालवतो, हेल्मेट घालून. वळणावर डोकं एकदम शांत होतं. घाटात तात्यांना दुसरं काय होतं? मग त्यांची परंपरा आणि माझा माज?

वर तात्यांचं ऐकून शेजारी उभी प्राजक्ता हसली. हसली! नंतर गाठून विचारलंच.

"अरे, आईच्या वडिलांनी तात्यांना हेच सुनावलं होतं. तरी आईनं लग्न केलं."

"मग तू?"

"आई अजून दर शर्यतीला देव पाण्यात घालून बसते. मला नाही बसायचं."

तरी मी म्हणालोच, "एकदा ट्रॅकवर येऊन बघ तरी!" ती निघून गेली.

बघायलाच कुणी तयार नाही, राव.