पिचरशी बोलायचं नसतं

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०
नवी वही. यंदा रोज लिहायचं. आमच्या बेसबॉल टीमच्या, हेरॉन्सच्या, पहिल्या सामन्याला ऐंशी दिवस उरले.

माझा अंदाज: १६२ सामन्यांत ८८ विजय. शाईने लिहितोय, खोडाखोड नाही.

संकल्प: रोज दोन मैल चालणं. डब्यातली चिली, ते बीन-मांसाचं तिखट कालवण, आठवड्यातून दोनदाच. मित्र एमिलशी टीमच्या पेरोलवरून, खेळाडूंच्या पगारखर्चावरून, वाद घालताना आवाज चढवायचा नाही.

बाहेर बर्फ आहे. चालणं उद्यापासून.

बायको, व्हर्ना, ९ नोव्हेंबरपासून फ्लोरिडात, बहीण ट्रूडीकडे. तिच्या गुडघ्याला तिथली हवा मानवते. पहिल्या सामन्यापर्यंत येईल. तसं ती म्हणालेली नाही, पण बावीस वर्षांत तिने पहिला सामना एकदाही चुकवलेला नाही. शिलाई मशीन नेलंय, ते ट्रूडीचे पडदे शिवायला.

१२ जानेवारी, रविवार
व्हर्नाचा फोन. दर रविवारी चार वाजता, दहा मिनिटं. तिला पेरोल नीट समजावून सांगितला. आपला सहा कोटी ऐंशी लाख डॉलर, लीगमध्ये खालून दुसरा. समुद्रकाठच्या बड्या टीम तीस-तीस कोटी उधळतात. पण करार संपलेला एकटा रॅफी ओलिव्हारेस टिकवला तरी बास. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा असा शॉर्टस्टॉप आपल्या डेटनला पुन्हा मिळायचा नाही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, आणखी काही? म्हटलं, नाही, बाकी सगळं ठीक.

परत कधी येणार हे विचारलं नाही. मुद्दामच. चेंडू टाकणारा पिचर नवापैकी सातव्या इनिंगपर्यंत एकही हिट न देता टाकत आला, की बाकावर त्याच्याशी कुणी बोलत नाही. जवळसुद्धा बसत नाही. तोंडातून शब्द निघाला की नजर लागते आणि पुढच्याच चेंडूवर हिट बसते. बेसबॉल कळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. व्हर्नाला तर माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तेव्हा गप्प राहायचं. आतापर्यंत उत्तम चाललंय.

१५ जानेवारी, बुधवार
डायनरमध्ये एमिल. बत्तीस वर्षं आमच्याच भागात टपाल वाटलं त्याने, त्यामुळे वाईट बातमी दारात नेऊन द्यायची त्याला सवयच आहे. म्हणाला, ६१ विजय, त्यावर एक नाही. म्हणाला, टीमचा मालक ग्रिसम म्हातारा कवडीचुंबक आहे, पैसा सुटत नाही त्याच्या हातून, रॅफीला तो वाटाण्याच्या अक्षता लावणार. मी म्हटलं, रॅफीचं या गावावर प्रेम आहे. घर घेतलंय त्याने इथे. एमिल म्हणाला, अरे नॉर्ब, घर घेतात तशी विकतातही लोक.

आवाज चढला. माझा. डॉटी कॉफीचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, दोघांनी गप्प बसून अंडी खा, नाहीतर प्लेटा बर्फात नेऊन ठेवीन.

चालणं झालं नाही. पार्किंगपर्यंतचं धरलं तर थोडं झालं.

२६ जानेवारी, रविवार
व्हर्ना म्हणाली, माझा हिवाळी कोट चर्चच्या कपाटात देऊन टाक, कुणाला तरी उपयोगी पडेल.

चांगलंच लक्षण आहे. आली की नवा घेणार. जुन्याची चेन तशीही अडकायची.

कोट दिला नाही. थंडी संपेपर्यंत राहू दे, मध्येच आली तर लागेल.

३० जानेवारी, गुरुवार
सीझन तिकिटांचा उद्या शेवटचा दिवस. मुलीचा, जोडीचा, कोलंबसहून फोन. म्हणाली, डॅड, यंदा एकच सीट घे. म्हटलं, का? ती म्हणाली, तू मॉमशी बोल. म्हटलं, दर रविवारी बोलतो की. ती म्हणाली, शॉर्टस्टॉपबद्दल नाही, डॅड.

दोन्ही सीटा घेतल्या. सेक्शन २१८, आठवी रांग. कुणीतरी विश्वास दाखवायला हवा, मालक दाखवत नसेल तर.

ग्रिसमला पत्रही लिहिलं, तीन पानी. मुद्दा एकच: चांगला माणूस हातचा जाऊ देऊ नका. शेवटी लिहिलं, पस्तीस वर्षं मी थर्मोस्टॅटच्या कारखान्यात क्वालिटी तपासत आलो, बिघाड मला लवकर दिसतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
व्हर्नाचं शिवणकामाचं मासिक या महिन्यात आलं नाही. पोस्टाचा गोंधळ. एमिलला सांगितलं. तो म्हणाला, पत्ता बदलायच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, तात्पुरता आणि कायमचा. मग लक्ष घालून टोस्टला लोणी लावत बसला. टोस्टला आधीच लोणी होतं.

व्हर्नाने कुठल्या चौकोनात खूण केली हे त्याला माहीत असेल. पोस्टात अजून त्याचे मित्र आहेत. मी विचारलं नाही.

या आठवड्यात चिली चारदा. पण दोनदा बीनशिवायची होती, ती मोजत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २.१५
रॅफी गेला. पश्चिमेकडच्या टीमकडे, आठ वर्षं, एकवीस कोटी.

काही वाटलं नाही. रेडिओ चालू ठेवून घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलला. उलटा बसवला, काढून परत बसवला.

सुधारित अंदाज: ७९. शाईचा आकडा खोडावा लागला. परिस्थिती बदलली, माझं गणित चुकलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
व्हर्नाला आधीच कळलं होतं. तिने विचारलं, ग्रिसमने त्याला काय देऊ केलं होतं? म्हटलं, काहीच नाही. रेडिओवर रॅफी स्वतः सांगत होता, ऑक्टोबरपासून फोनजवळ बसलो होतो, कुणी राहा असं म्हटलंसुद्धा नाही. ऑफिसवाले म्हणतात, आम्ही धरूनच चाललो होतो की तो राहणार.

व्हर्ना म्हणाली, धरून चालले होते.

म्हटलं, हो ना. मूर्खपणा बघ. एवढी साधी गोष्ट, तोंड उघडून विचारायची.

त्यावर ती म्हणाली, आणखी काही, नॉर्ब? मी तिला तिसऱ्या बेसवरच्या नव्या पोराबद्दल सांगितलं. दोन वर्षांत तो रॅफीला मागे टाकेल.

७ मार्च, शुक्रवार
चर्चमध्ये फिश फ्राय, शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण. तळघर भरलेलं. प्रत्येक टेबलावर पेरोल. ग्रिसमने आता सहा कोटींच्या खाली आणलाय म्हणे. कुणी म्हणतं स्टेडियमवर जाऊ नका. कुणी म्हणतं जा आणि पाठ करून बसा. मी उभा राहून सांगितलं, तरुण टीम आहे, धीर धरा, ७४ नक्की. कुणीतरी माझ्या दिशेने ब्रेडचा तुकडा फेकला. प्रेमाने.

वाढणाऱ्या बायकांपैकी मिसेस प्रुइटने विचारलं, व्हर्ना कशी आहे? म्हटलं, गुडघा सुधारतोय. ती म्हणाली, बिचारी. आणि मला विचारल्याशिवाय माशाचा आणखी एक तुकडा वाढला. आजकाल मला सगळे जास्तच वाढतात. बहुधा बारीक झालोय. म्हणजे चालण्याचा उपयोग होतोय.

१३ मार्च, गुरुवार
निर्णय. एमिलबरोबर फ्लोरिडाला जायचं, टीमचे सराव सामने बघायला. पिचिंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा पक्का करता येत नाही. ट्रूडीचं घर मैदानापासून वीस मिनिटांवर आहे हा योगायोग.

तिकडेही परतीचा विषय काढायचा नाही. एवढे महिने जमवलंय, आता नवव्या इनिंगमध्ये घाण करायची नाही.

१७ मार्च, सोमवार. फ्लोरिडा
पंधरा तास गाडी. एमिल वाटेत प्रत्येक पोस्ट ऑफिसवर शेरे मारत होता.

व्हर्ना मैदानावर आली. केस कापलेत. पायऱ्या माझ्याआधी चढली. गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, डिसेंबरातच बरा झाला. एमिलला अचानक हॉटडॉग आठवले आणि तो गेला तो आलाच नाही.

तिने पेन्सिलने स्कोअर लिहायला घेतला. चार इनिंग आम्ही फक्त सामन्याबद्दल बोललो. छान वाटलं. इतकं छान नोव्हेंबरपासून वाटलं नव्हतं.

पाचव्या इनिंगमध्ये स्कोअर लिहिता लिहिताच म्हणाली, कापडाच्या दुकानात नोकरी लागलीय, आठवड्याचे चार दिवस. आणि ट्रूडीच्या शेजारचा फ्लॅट वर्षाच्या कराराने घेतलाय. तिने पेन्सिल ठेवली. म्हणाली, सतरा रविवार मी तुला विचारलं, आणखी काही? सतरा वेळा. तू मला एका शॉर्टस्टॉपबद्दल सांगत राहिलास. मी परत यावं असं तुला वाटत नव्हतं का?

मग मला सांगावंच लागलं. की तू येणारच होतीस, म्हणून बोललो नाही. पिचरचा नो-हिटर चालू असताना कुणी त्याच्याशी बोलतं का? नजर लागते.

ती हसायला लागली. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग हसायची थांबली आणि टोपी खाली ओढून घेतली. म्हणाली, अरे वेड्या, पिचरशी बोलत नाहीत कारण तो जिंकत असतो. मी जिंकत होते का, नॉर्ब? मी त्या घरात दोन वर्षं हरत होते आणि तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होतास.

मी काहीतरी म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आमच्या तिसऱ्या बेसवाल्या पोराने होमरन मारला आणि सगळे उभे राहिले. मीसुद्धा.

खाली बसलो तेव्हा ती पर्स आवरत होती. सामना आम्ही जिंकला, पण सराव सामन्याचं कुणी काही धरत नाही.

१९ मार्च, बुधवार. वाटेत, टेनेसी
वर्षाचा करार म्हणजे वर्षाचाच. दहा वर्षांचा केला असता तर गोष्ट वेगळी. एमिलला हे सांगितलं. तो म्हणाला, हं. साठ मैल पुढे गेल्यावर म्हणाला, नॉर्ब, फॉर्मवरच्या चौकोनाचं सांगू का? म्हटलं, नको. तो म्हणाला, बरं.

पिचिंग फारच वाईट. अंदाज: ७०.

२३ मार्च, रविवार
चार वाजले. साडेचार वाजले. फोन आला नाही.

मी करू शकलो असतो. नंबर आहे. तिला दुकानात काम असेल म्हणून केला नाही. रविवारी दुकान बंद असतं हे नंतर लक्षात आलं. भांडी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

२७ मार्च, गुरुवार. पहिला सामना
गार वारा. स्टेडियम अर्धंही भरलं नव्हतं. बरेच जण पाठ करून बसायचं ठरवून आले होते, पण पाठ केली की वारा तोंडावर येत होता, म्हणून सरळ बसले.

पहिल्याच इनिंगमध्ये पाच रन गेले. रॅफीच्या जागी नवा माणूस होता. दोन चेंडू त्याच्या पायांमधून गेले. तिसऱ्या इनिंगपर्यंत व्हर्नाची सीट मी रिकामी ठेवली. मग एमिल वरून आला, त्याच्या सीटवर पाणी साचलं होतं. म्हणाला, बसू का? म्हटलं, बस.

सहाव्या इनिंगमध्ये मी जिन्याखाली गेलो आणि तिला फोन केला. आधी काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, नॉर्ब? काय झालं? स्कोअर काय? म्हटलं, नऊ-शून्य, आपण मागे. आणि म्हटलं, व्हर्ना, घरी ये. मला तू घरी हवी आहेस. नोव्हेंबरमध्येच म्हणायला हवं होतं. तू बॅगा भरत होतीस तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी दारात उभा होतो.

वर लोक कुणाला तरी हुर्यो करत होते. बहुधा ग्रिसमला.

ती आधी थँक्यू म्हणाली. विचारलंस हे बरं केलंस, म्हणाली. मग नाही म्हणाली. रागाने नाही, नीट, हळू म्हणाली. लहान मुलाला समजावून सांगावं तसं दोनदा. म्हटलं, कळलं. मग म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, ठेवते.

नोव्हेंबरात विचारलं असतं तर? हे तिला विचारायचं राहिलं. आता विचारणार नाही. उत्तर मला माहीत आहे.

वर येऊन बसलो. एमिलने त्याच्या नाचोजचा ट्रे माझ्यापुढे धरला. खाल्ले. चव कळली नाही. शेवटचा बाद होईपर्यंत बसलो. अकरा-एक.

निघताना एमिल म्हणाला, पुढचा सामना शनिवारी, येतोस ना?

म्हटलं, येतो. अजून एकशे एकसष्ट आहेत.