आबांच्या इंजिनाचा काळा रंग

दादा,

इंजिन रंगवून झालं. आता पुढं काय करू, तेच कळेना झालंय. असं अडलं की तुलाच विचारायची सवय, आणि तू तर दिवाळीच्या आधीच दुकानात बसल्या बसल्या कायमचा निघून गेलास. म्हणून लिहायलेय.

तुझं ते हातभर लांब इंजिन टेबलावर तसंच पडून होतं. चिमणी, चाकं, ड्रायव्हरची खोली, सगळं पुठ्ठ्याचं अन् तारेचं, मोजूनमापून केलेलं. फक्त रंग राहिला होता. चुडाव्याच्या रेल्वे फाटकावर आबांनी तरुणपणी ज्या कोळशाच्या इंजिनांना हिरवी झेंडी दाखवली, त्यातलंच हे एक. "आबा, तुमचं इंजिन घरात आणतो," असं कबूल केलंस आणि अर्ध्यात सोडलंस. असं करतात का रे?

आबांची काचबिंदूनं गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते. आबा रोज विचारायचे, "रंग दिला का गं, सुनी? दिसायलंय तवर दाखव."

मी शिलाईचं मशीन बाजूला सारलं आणि तुझा जुना एअरब्रश हातात घेतला. दुकानात नंबरप्लेट रंगवायचास, तोच. बटण दाबलं की हवा अन् रंग एकदमच सुटायचा. बॉयलरवर काळे ओघळ आले. पुसलं, घासलं, पुन्हा मारलं. पुन्हा तेच. चाकांचे आरे रंगानं बुजून गेले, ते सुईनं कोरत बसले. आबा दारातून म्हणाले, "त्याच्या हातात नीट चालायचा." ते मला माहीत नव्हतं का? मग मला का शिकवलं नाहीस?

शेवटी नवा, चांगल्यातला एअरब्रश घेतला. तुझा फडक्यात गुंडाळताना जिवाला लय लागलं. तुझा अंगठा टेकायचा तिथली चकाकी पार उडालेली होती. पण करू काय, दादा?

नव्याला वर रंगाची छोटी वाटी आहे. खटका खाली दाबला की नुसती हवा. मागं ओढला तरच रंग, आणि जेवढा ओढावा तेवढाच, पेन्सिलीच्या रेघेसारखा बारीक. हात बसेपर्यंत जुन्या वर्तमानपत्रांवर रेघा मारत राहिले.

उन्हानं मात्र जीव घेतला. आपल्या परभणीकडचा उन्हाळा तुला माहीतच आहे. रंग इंजिनाला लागायच्या आधीच हवेत वाळायचा आणि पावडर फासल्यासारखा खरखरीत बसायचा. सकाळच्या गारव्यात करावं तर लाईट जायची अन् हवा देणारा कॉम्प्रेसर बंद. इकडं आबा भिंत चाचपत मोरीकडं जायला लागले. देवाला म्हटलं, जरा सबूर कर, एवढं होऊ दे. तुझ्या वेळी तर एवढं म्हणायलाही सवड मिळाली नव्हती.

रंग दुधासारखा पातळ केला आणि हलके हलके थर देत गेले. मंगळवारी शेवटचा थर बसला. इतका काळा, इतका गुळगुळीत, की माझंच तोंड त्यात दिसलं. हा एअरब्रश तुझ्या हातात असता तर तू काय काय केलं असतंस!

वाळल्यावर आबांच्या पुढ्यात ठेवलं. ते बघत राहिले. मग म्हणाले, "लय झकास झालंय. असंच चमकायचं."

दादा, ते इंजिनाकडं बघतच नव्हते. बाजूच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत होते.

"खरंच चांगलं झालं का, आबा?" मी विचारलं.

"हां. त्यानं केलं असतं तसंच."

मी त्यांचा हात धरून बॉयलरवर ठेवला. कितीतरी वेळ ते बोटं फिरवत होते. चिमणी सापडली, चाकं सापडली. ड्रायव्हरच्या खोलीवर हात थांबला.

"नंबर न्हाई टाकला?"

"नाही अजून."

"मग कोणतं इंजिन हाय ते मी वळखू कसं?"

आणि ते रडले. तू गेलास तेव्हा ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आबा लेकरासारखे रडले. मी इंजिन उचलून आत नेलं, आणि आतच बसून राहिले. एक उन्हाळा आधी झालं असतं तर? तू असतास तर?

नंबर टाकणार आहे, दादा. पण एअरब्रशनं नाही. साधा कुंचला घेईन, जाड पिवळा रंग घेईन, आणि थरावर थर देत राहीन, आकडे बोटाला लागतील इतके वर येईपर्यंत. आबांना वाचता आले नाहीत तर खरवडून पुन्हा काढीन. त्यांनी बोट फिरवून तो नंबर मला म्हणून दाखवेपर्यंत मी उठणार नाही.

तुझी,
सुनी