खलाटीचा माणूस वलाटीवर

२ नोव्हेंबर
उतरलो एकदाचा! नव्हे – ‘चढलो’ म्हणावयास हवे. मास्तरकी संपली, तरी भाषेत हयगय नको. समुद्राच्या बांधाआडची आमची सखल खलाटी सोडून लेकीच्या गावी, उंचावरच्या वलाटीवर आलो. गेशेचा हट्ट – “बाबा, यंदा वादळ मोठं येणार म्हणतात, तिथे एकटं राहायचं नाही. नाताळपर्यंत तरी या!” कबूल केले. नाताळानंतर परत जाण्याचा हक्क माझा.

५ नोव्हेंबर
येथली घरे तळ्याभोवती कोंडाळे करून बसलेली. जमीन हलकी, वाळूची. राय हे भरड धान्य आणि बटाटा यांपलीकडे फारसे पिकले नाही, म्हणून पूर्वी कुरण सामाईक, पावाची भट्टी सामाईक, उखाळ्यापाखाळ्याही सामाईक! आमची माती काळी, जड. गुरे आणि कोबी यांवर पैसा झाला. प्रत्येकाचे घर आपापल्या मातीच्या उंचवट्यावर, शेजारी हाकेपलीकडे. आमच्याकडे नवे बिऱ्हाड आले की लोक सवडीने, चिखल तुडवीत त्याच्याकडे जातात. त्याने चहा मांडून वाट पाहायची.

मीही मांडला. गेशेच्या कपाटात तबक आयतेच मांडलेले सापडले – चार पेले, खडीसाखरेची वाटी. सर्वांवर धुळीचा थर! लेकीला असली बेफिकिरी मी शिकवली नव्हती. धुऊन घेतले.

९ नोव्हेंबर
कोणी नाही.

१४ नोव्हेंबर
कोणी नाही. शेजारचा थीस कुंपणाशी दिसला. मी मान लववली, त्यानेही लववली. इतकेच! गेशे रुग्णालयातून सहाला येते, जेवते, दिव्यापाशी वाचत बसते. विचारले, “लोक कसे आहेत इथले?”
“बरे असावेत.”
असावेत! सात वर्षे येथे राहून विध्यर्थ!

१८ नोव्हेंबर
आजही चहा ओतून दिला. कोरडी माणसे, त्यांच्या वाळूसारखीच. गेशेस सांगितले – नाताळपर्यंत थांबत नाही, एक डिसेंबरला निघतो. ट्रंक भरून दाराशी ठेवली. दोनच ताटल्या, पण ती बराच वेळ घासत राहिली.

२२ नोव्हेंबर
बसून अंग आखडले, म्हणून गेशेच्या भाजीच्या वाफ्याभोवती चर खणावयास घेतला. चराविना वाफा मला पाहवत नाही. गुडघाभर खणले, तोच झुडपांच्या कुंपणापलीकडून थीस –
“मास्तर, खंदक? लढाई काढताय होय आमच्याशी?”
“पाणी साचू नये म्हणून.”
“इथं? बादली ओता नि बघा, टिपूस राहील तर! आल्मुट, ये गं, मास्तर वाळूचा निचरा करतायत!”

त्याची बायको हात पुसत आली. हसली नाही. “खणायला सवड आहे. आमच्या दारी यायला नाही.”
“मी यायचे? मी तर रोज चहा मांडून तुमची वाट पाहतो!”
“आमची?” थीस आपल्या फावड्यावर रेलला. “अहो, इथं नवा माणूस दारोदार जाऊन नाव सांगतो. तो आला नाही, तर त्याला आम्ही नकोत असं समजायचं. हिनं केक करून ठेवला होता तुमच्यासाठी. कोंबड्यांनी खाल्ला शेवटी!”

मला हसू आवरेना. तेवढ्यात आल्मुट म्हणाली, “तुमची लेकही तशीच. सात वर्षांत एक उंबरा ओलांडला नाही. आम्ही म्हटलं, खलाटीचे बडे लोक, आपल्यात कशाला बसतील?”

चर तसाच टाकून आत आलो.

२३ नोव्हेंबर
जेवताना विचारले, “ते तबक कधी मांडले होतेस?”
“आले त्या वर्षी.” मग हळूच, “कुणी आलंच नाही, बाबा.”

थीसचे बोलणे, आल्मुटचे बोलणे, कोंबड्यांचा केक – सारे सांगितले. केकाला ती हसली. मग हसू ओठांवरच थांबले.

“आणि यंदा वादळ मोठे, हे कोणी सांगितले तुला?”
बशीतला बटाटा तिने काट्याने पार कुस्करला.
“कुणी नाही,” म्हणाली.

२४ नोव्हेंबर
गेशे कामावरून लवकर आली. कोट काढला नाही. “बाबा, कुठल्या दारापासून सुरुवात करायची?”
मी टोपी घातली. ट्रंक वाटेत होती. ती आत सरकवून दोघे बाहेर पडलो.