पिवळ्या बाकावर कोण कुणासाठी

वयानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी अशी माझी विनीताई, हिला धाकट्या लायनेलचा मनापासून नमस्कार.

तुझी कंबर आता वाकते का? नॉर्मनदाजींच्या हातातला तळलेला मासा समुद्रपक्ष्यानं पळवला हे वाचून फार वाईट वाटलं. (माशाबद्दल. दाजींना तळलेलं बंद आहे, तेव्हा त्या पक्ष्याला मी दोष देणार नाही.) माझी तब्येत उत्तम आहे असं माझा फोन म्हणतो. डॉक्टरांचं म्हणणं काय आहे ते कळायला मार्ग नाही, कारण हल्ली आमच्याकडे डॉक्टर दिसत नाहीत. फोनमधल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी फोननंच सांगायचं, की पाणी भरपूर प्या.

तर तू विचारलंयस, की आपल्या घराण्यात कुणाचा कधी पेपरात फोटो आला नाही, तो माझाच कसा आला, आणि शेजारची बाई कोण. तू समजतेस तसं काही नाही. सगळा दोष नगरपालिकेचा आहे. लोक एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून पालिकेनं बागेतला एक बाक पिवळा रंगवला आणि त्यावर पाटी ठोकली, 'इथे बसलात तर तुम्हाला गप्पा मारायला आवडतील असे आम्ही समजू.' झालं! त्या दिवसापासून त्या बाकावर माणूस फिरकेना. तिथं बसणं म्हणजे भर गावात हात वर करून मला कुणी नाही असं सांगणं. लोक पावसात उभे राहत, झाडाला टेकत, पण बाकाकडे बघत नसत. मीही बघत नसे. पण एका गुरुवारी बाकीचे सगळे बाक ओले होते, हा एकच झाडाखाली कोरडा होता, आणि माझ्या हातात गरम मटण-पाय होता. (पाय म्हणजे आपल्याकडचा, कणकेच्या पारीतला. मी उभ्यानं खाल्ला की अर्धा कोटावर सांडतो, हे तुला माहीतच आहे.) मी अगदी कडेला टेकलो. इतक्यात एक ठसठशीत बाई आल्या, जांभळी टोपी, हातात डबा. माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोला."

"काय बोलू?"

"इथं बसलात ना? मग बोला की!"

मी हवेबद्दल बोललो. त्याही हवेबद्दल बोलल्या. मग त्यांनी डबा उघडून आल्याचा केक पुढे केला आणि माझं पोट साफ होतं का, असं विचारलं. अगं, जन्मभर सुईण म्हणून इस्पितळात काढलेली बाई ती, तिला कसली लाज! नाव मर्लीन पिनॉक. आईवडील जमैकाहून आलेले, ह्या मात्र जन्मापासून इथल्याच, इंग्लंडातल्या, माझ्याहून पक्क्या लँकेशायरवाल्या. घरी आलो आणि मनात म्हटलं, बिचारी अगदी एकटी दिसते. माणूस भेटलं की पोटापासून सुरुवात करते. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी म्हणून पुन्हा गेलो. मग रोजच जायला लागलो. समोरच्या चौकात गाड्या कशा चुकीच्या वळतात ते मी तिला दाखवी (इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवली, ती सवय जात नाही), आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोरींपैकी कुणाला कितवा महिना आहे ते ती मला सांगे. एकदा एकीला दिवस गेलेच नव्हते, तेव्हा आम्हाला बाग बदलावी लागली असती, पण थोडक्यात निभावलं.

आणि मग ती पेपरवाली मुलगी आली. हसून म्हणाली, "एकटेपणावर तुम्ही दोघांनी कशी मात केलीत?"

मी ताठ बसलो. "मी एकटा नाही. मी ह्यांच्यासाठी येतो."

आणि त्याच क्षणी मर्लीनबाई म्हणाल्या, "मी कुठली एकटी? मी ह्यांच्यासाठी येते."

तेवढ्यात त्या पोरीनं फोटो काढला. तोच तू पाहिलास. 'पिवळ्या बाकावर फुलली मैत्री' असं वर छापलंय आणि खाली आम्ही दोघं दोन दिशांना तोंडं करून बसलोय.

"म्हणजे इतके दिवस माझी कीव करत होता होय?" त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"जन्मभर माझं कामच होतं ते!" त्यांनी डब्याचं झाकण खाडकन लावलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. फोटोमुळे बाकावर आता गर्दी असते; एक गृहस्थ मला घर उबदार ठेवायच्या नव्या यंत्राबद्दल जेवणवेळ होईपर्यंत सांगत होते, मी मान हलवत होतो आणि डोळे मात्र फाटकाकडे. त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो. तिथं हल्ली गल्ल्यावर माणूस नसतो, वस्तू आपणच यंत्रापुढे धरायच्या. यंत्र म्हणालं, "पिशवीत अनपेक्षित वस्तू आहे." मी म्हटलं, "माफ करा हं, बटाटे आहेत. आज जरा मोठे घेतले, भाजायला बरे पडतात." मागच्या रांगेतला माणूस खोकला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कुणाला सांगतोय. ताई, मी ते बटाटे तिथंच ठेवले आणि घरी आलो.

बाईंचा पत्ता मला ठाऊक नव्हता. (पोटाची चौकशी झाली, पत्त्याची नाही. असं विचारणं आपल्यात बरं दिसत नाही.) एवढंच माहीत होतं, की स्टेशनामागच्या चर्चमध्ये त्या गातात. रविवारी गेलो. वाटलं, मागच्या रांगेत गुपचूप बसावं. पण तिथं नव्या माणसाला उभं करतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि एकेक जण येऊन मिठी मारतो! मला आईनंसुद्धा इतक्या मिठ्या मारल्या नसतील. गाणी संपतच नव्हती. मर्लीनबाईंनी मला गाणाऱ्यांच्या रांगेतून पाहिलं, आणि गात राहिल्या, एक भुवई तेवढी वर गेली. मग मागच्या दालनात जेवण. मी भात आणि राजम्याची ताटली घेऊन कोपऱ्यात उभा. त्या समोर आल्या.

"इथं कुणासाठी आलात?"

तोंडात घास होता, तो गिळला. म्हटलं, "माझ्यासाठी."

त्यांनी माझ्या ताटलीत कोंबडीची एक तंगडी वाढली आणि म्हणाल्या, "एवढंच सांगायचं होतं, तर इतके दिवस काय तोंड शिवलं होतं? खा. मीही काही डबा घेऊन परोपकाराला येत नव्हते."

तर फोटोमागची हकीकत ही अशी. दाजींना नमस्कार, मांजराला दूध.

तुझा,
लायनेल

ता. क. पुन्हा सांगतो, तू समजतेस तसं काही नाही. ओल्गाकाकूला उगीच फोन करू नकोस.

ता. क. २. पुढच्या शनिवारी चर्चच्या मंडळींचा नाच आहे. मला नाचता येतं, असं मी बोलून बसलोय. लहानपणी स्वयंपाकघरात बाबांचा रेडिओ लावून तू मला शिकवलं होतंस, त्यात आधी डावा पाय पुढे जातो की उजवा? हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. फोन करून सांगितलंस तरी चालेल, फक्त रविवारी करू नकोस. रविवारी मी घरी नसतो.