वेचणीतला शिनिमा

माय, काल नातीनं मला टीव्हीसमोर बसवून एक चित्रपट दाखवला. माणसं झाडाच्या ढोलीत शिरतात आणि भलत्याच मुलखात निघतात. रंग काय, आवाज काय, डोळे दिपून जावेत असं सगळं. नात मधूनमधून माझ्याकडे बघत होती, आजी थक्क झाली की नाही म्हणून. मी काही थक्क झाले नाही. तिला कसं सांगू, की असल्या मुलखात मी कापसाच्या रानातून पायी जाऊन आलेय आणि तिथला रस्ता माझ्या मायला तोंडपाठ होता? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता आधी तुझा आवाज आठवतो आणि मग सावकाश चेहरा येतो.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात आपल्याकडे बाळ झालं, पण ते रडलंच नाही. तू अंथरूण धरलंस. कुणाशी बोलायची नाहीस, माझी वेणीसुद्धा शेजारीण घालायची. दिवाळी झाल्यावर मामा आपल्याला पूर्णेला घेऊन गेला. तो रेल्वेत खलाशी होता. बहिणीचं मन जरा रमावं म्हणून त्यानं आपल्याला तंबूतल्या शिनिमाला नेलं. राजपुत्र उडत्या पलंगावर बसून पाण्याखालच्या नगरीत जातो, आजारी राणीसाठी फूल आणायला. उर्दू बोलणं तुला सगळं कळत होतं, निजामाच्या राज्यातच वाढलेली तू. मी मात्र पहिल्याच राक्षसाला भिऊन तुझ्या पदराखाली शिरले, ती शेवटपर्यंत बाहेर आले नाही. त्यामुळे मला ठाऊक असलेला शिनिमा तुझाच.

गावी परतलो तर कापसाची वेचणी सुरू झाली होती. बाप शेळ्यांमागं रानोमाळ हिंडायचा, घरातली ज्वारी यायची ती तुझ्या वेचणीतून. संध्याकाळी मालकाच्या दारात कापूस तोलायचा, जेवढा कापूस तेवढी मजुरी. आणि तुला तर वाकताच येत नव्हतं, वाकलीस की डोळ्यांपुढं अंधारी. पहिल्याच दिवशी तू सरीत मटकन खाली बसलीस. आत्याबाईंनी ते बघितलं. वेचणाऱ्या बायकांत त्या सगळ्यांत वडील, आणि तोंडाच्या फटकळ.

"ऊठ. वाकू नकू. आमच्या संगं नुसती चाल आन् पूर्णेत काय बघितलीस ते सांग. कापूस आमी बघतो."

"आयतं न्हाई घेणार मी कुणाचं, आत्याबाई."

"आयतं कुठं हाय? तिकीट हाय ते शिनिमाचं!"

मला तो देखावा अजून दिसतो. बायका सरीसरीतून वाकून वेचतायत, त्यांच्या मधून तू एकटी ताठ चालतेयस, मी तुझं लुगडं धरून मागं. राक्षस आला, की एकेक बाई आपल्या ओटीतला मूठभर कापूस तुझ्या ओटीत टाकते. समुद्राखालच्या नगरीत तू बाभळी लावल्यास. राक्षसाला कण्या खायला घातल्यास. तंबूतला शिनिमा दोन दिवसांत संपला असता, पण तू एका दारामागं दुसरं दार काढत गेलीस. मग एके दिवशी तू म्हणालीस, "त्या दारापाशी एक उघडं लेकरू बसलंय. राजपुत्राला इचारायलंय, मला न्यायला कुणी आलंय का?" बायकांचे हात थांबले. त्या संध्याकाळी तुझी ओटी कधी नव्हे इतकी भरली होती. त्यानंतर ते लेकरू रोज येऊ लागलं, आणि राजपुत्र फुलाचं विसरूनच गेला.

आणि तेवढ्यात तोच तंबू, तोच शिनिमा घेऊन, झरीला आला. आपल्या गावापासून पायवाटेनं जाण्याइतका जवळ. सगळ्या बायका निघाल्या, आत्याबाईसुद्धा. तू गेली नाहीस. चुलीपुढं बसून होतीस, समोरची भाकरी तशीच. मी विचारलं, "आता गं माय?"

"आता काय? उद्यापासून वाकायचं," तू म्हणालीस. "लबाड बाईला कोण कापूस देतंय?"

दुसऱ्या दिवशी रानात आत्याबाई ओटी बांधत म्हणाल्या, "बघितला बाई शिनिमा." तू मान खाली घातलीस. त्या पुढं म्हणाल्या, "त्यात ते लेकरू न्हाई."

मी तुझं लुगडं घट्ट धरलं.

"न्हाई, आत्याबाई. ते मीच..."

"मीच काय?" आत्याबाई खेकसल्या. "त्या तंबूवाल्यानं गाळलंय ते! मेल्यानं निम्मा शिनिमा खाल्लाय आन् लोकायला लुबाडायलाय. तू बराबर सांगायलीस. चाल, म्होरं सांग. काय झालं लेकराचं?"

पहिली मूठ त्यांनीच टाकली. बाकीच्याही मग रोजच्यासारख्या टाकू लागल्या. तुझा आवाज सुरुवातीला फुटेना, पण आत्याबाईंनी दोनदा "हां, मग?" केलं आणि तू लागलीस बोलायला. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

वेचणी सरत आली तेव्हाची गोष्ट. राजपुत्रानं आपला शेला लेकराच्या अंगावर घातला, मांडीवर घेऊन त्याला दूधभात भरवला आणि चल म्हणाला. लेकरू काही उठलं नाही. तुझा आवाज अगदी साधा होता, सरपण आणायला सांगावं तसा. "ते म्हणालं, मी हितंच बरं हाय. मायला सांग, लेकरू जेवलं म्हणावं." आत्याबाई उगाच खोकल्या. मग तू पदर खोचलास आणि वाकून समोरचं बोंड वेचलंस. मग दुसरं. अंधारी आली नाही. दिवस मावळेपर्यंत तू वाकत होतीस, आणि कुणाची मूठ घेतली नाहीस.

मी बांधावर बसून हमसून हमसून रडत होते. "माय बरी झाली म्हणून रडायली गं पोर," बायका म्हणाल्या, आणि तू येऊन मला पोटाशी धरलंस. हा कागद कुठं पाठवणार मी? राहू दे उशाखाली. पण तू होतीस तोवर हे सांगायला धजले नाही: मी आनंदानं रडत नव्हते, माय. तू वाकलीस आणि शिनिमा संपला, म्हणून रडत होते. तू अजून चार दिवस आजारी राहावीस, असं मला वाटत होतं.